मॅनहोलच्या तोंडाशी कोण उभं आहे?

तारापूर, लोटे, महाड, पाताळगंगा, कुरकुंभ. कुठल्याही रासायनिक वसाहतीतल्या बऱ्यापैकी कारखान्याच्या गेटवर आज बोटाचा ठसा किंवा चेहरा दाखवल्याशिवाय आडवा दांडा फिरत नाही. काडेपेटी जमा, मोबाईल जमा, पाहुण्याच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा पट्टा. ही व्यवस्था दिसते, मोजता येते आणि ऑडिटच्या अहवालात तिचा फोटोही छान येतो. त्याच गेटपासून दीड-दोनशे पावलांवर ईटीपीची, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाची, इक्वलायझेशन टाकी असते; सगळं सांडपाणी आधी तिच्यात गोळा होतं. तिचं झाकण दोघांनी उचललं की उघडतं. त्याला कुलूप नसतं, शेजारी रजिस्टर नसतं, आणि रात्री पंप अडकला तर हेल्परला आत उतरवायला बऱ्याच ठिकाणी कोणाची सहीसुद्धा लागत नाही.

धोक्याच्या जागी कोणाला जाऊ द्यायचं हा प्रश्न आपल्याकडे सुरक्षारक्षकांच्या खात्यात जाऊन पडला आहे. त्यामुळे त्याचं उत्तरही कार्ड, कॅमेरा आणि पाटी या रूपातच मिळतं. या सगळ्या वस्तू एकच गोष्ट विचारतात: माणूस कोण आहे? पण रिअॅक्टरमध्ये (रासायनिक क्रियेच्या बंद टाकीत) किंवा संपमध्ये (सांडपाण्याच्या खड्ड्यात) माणूस मरतो तेव्हा तो बहुतेकदा त्याच कारखान्याचा, त्याच पाळीचा, कार्डधारक माणूस असतो. त्याला आत जायचा अधिकार होता. त्या क्षणी आत काय होतं, हे कोणी विचारलेलं नव्हतं.

कारण ही जागा दिवसभर सारखी राहत नाही. 10 किलोलिटरचा रिअॅक्टर सकाळी धुतला, हवा खेळवली, दहा वाजता वायू मोजणाऱ्या मीटरने तपासला, सगळं ठीक. बाराला माणसं जेवायला गेली. मधल्या वेळात शेजारच्या रिअॅक्टरवर नायट्रोजन सोडला गेला आणि सामाईक हेडरवरचा (मुख्य नळीवरचा) एक व्हॉल्व्ह थोडा पाझरत होता. एक वाजता तेच मॅनहोल (टाकीत उतरायचं तोंड), तीच माणसं, तेच परमिट (आत जायची लेखी परवानगी). आतली हवा मात्र दुसरी. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, गुदमरल्याची जाणीवही नाही. कारण श्वास कोंडल्याची भावना कार्बन डायऑक्साइड साठल्याने येते, ऑक्सिजन कमी झाल्याने येत नाही. ऑक्सिजन 6 टक्क्यांच्या खाली असेल तर माणूस काही सेकंदांत खाली बसतो. ओरडायला वेळ मिळत नाही.

नोव्हेंबर 2005 मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर सिटी इथल्या रिफायनरीत दोन कंत्राटी कामगार असेच गेले. रिअॅक्टरमध्ये नायट्रोजन सोडलेला होता आणि उघड्या मॅनहोलपाशी त्याची पाटी नव्हती. आत पडलेलं टेपचं भेंडोळं काढायच्या प्रयत्नात एक जण गेला, त्याला काढायला उतरलेला दुसरा गेला. अमेरिकेच्या 1993 च्या नियमात ‘प्रवेश’ या शब्दाची व्याख्या फार नेमकी आहे: शरीराचा कोणताही भाग तोंडाच्या पातळीच्या आत गेला की तो प्रवेश. डोकं घालून ‘जरा बघतो’ म्हणणं हाही प्रवेशच. आपल्याकडे मात्र ‘पूर्ण आत कुठे गेला होता’ हा बचाव चौकशीत आजही मांडला जातो.

आपला कायदा यावर गप्प नव्हता. कारखाने अधिनियम, 1948 मधलं कलम 36 याच विषयावर होतं, आणि भोपाळनंतर 1987 मध्ये कायद्याची जी मोठी दुरुस्ती झाली तीत ते नव्याने लिहिलं गेलं. घातक वायू असण्याची शक्यता असलेल्या बंदिस्त जागेत शक्य ते सर्व उपाय केल्याशिवाय कोणाला जाऊ द्यायचं नाही, हे त्याचं पहिलं सांगणं. त्यापुढे ते दोन वाटा देत होतं. एक: सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी घेऊन जागा वायूपासून पुरेशी मुक्त असल्याचा लेखी दाखला द्यावा. दोन: आत जाणाऱ्याने श्वसनयंत्र लावावं आणि कमरेच्या पट्ट्याला बांधलेल्या दोराचं मोकळं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असावं. या दोन वाटांच्या मध्ये कायद्याने एक छोटासा शब्द घातला होता: ‘किंवा’.

माझं भांडण या ‘किंवा’शी आहे. दाखला मिळाला की दोर नको, बाहेरचा माणूस नको, असा त्याचा सरळ अर्थ निघतो आणि कारखान्यांनी तो काढलेलाच आहे. दाखला म्हणजे एका क्षणाची नोंद. दोर आणि बाहेरचा माणूस म्हणजे पुढच्या दोन तासांची सोय. एकाच्या बदल्यात दुसरं कसं चालेल? 21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता लागू झाली आहे, जुना कारखाने कायदा तिच्यात विरला आहे आणि सुरक्षेची मानकं कलम 18 खाली केंद्र सरकारने जाहीर करायची आहेत. जुनी वाक्यं नव्या मानकांत उचलून ठेवणं सगळ्यात सोपं. पण बंदिस्त जागेच्या मानकात ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ आला पाहिजे, आणि ही मागणी औद्योगिक सुरक्षेत काम करणाऱ्यांनी मोठ्याने केली पाहिजे.

दाखल्यावर एवढा अविश्वास का, हे मीटर हातात धरणाऱ्याला विचारावं. चार वायूंचा मीटर ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड दाखवतो. ताज्या हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के, आणि 19.5 ते 23.5 हे प्रवेशाचं मान्य अंतर. म्हणून 20.4 दिसलं की ‘ठीक आहे’ असं लिहिलं जातं. खरं तर अर्धा टक्का ऑक्सिजन कमी दिसतो याचा अर्थ हवेच्या सुमारे 2.4 टक्के जागा दुसऱ्या कशाने तरी घेतली असू शकते. 2.4 टक्के म्हणजे 24,000 पीपीएम (दहा लाखांत 24,000 भाग). ते नायट्रोजन असेल तर एक वेळ चालेल. सॉल्व्हंटची (विरघळवणाऱ्या रसायनाची) वाफ असेल तर तो आकडा माणूस मारणारा आहे. 20.4 हा आकडा परवानगी देण्याचा नाही, प्रश्न विचारण्याचा आहे.

ज्वलनशील वायूचा सेन्सर तर आणखी फसवा. तो आतल्या तारेवर वायू जाळून मोजतो, त्यामुळे त्याला स्वतःलाच साधारण 10 टक्के ऑक्सिजन लागतो. नायट्रोजन भरलेल्या टाकीत सॉल्व्हंटची वाफ खच्चून असली तरी तो शून्याच्या आसपास घुटमळेल. म्हणून ऑक्सिजन आधी, ज्वलनशील नंतर, विषारी शेवटी, हा चाचणीचा क्रम पाठ करून घेतात. पण क्रमामागचं कारण सांगत नाहीत, आणि कारण माहीत नसलं की क्रम घाईत उलटतो. सिलिकोनच्या फवाऱ्याने हा सेन्सर मरतो, आणि मेलेला सेन्सर शून्यच दाखवतो. रोज कामाआधी ओळखीच्या वायूचा झोत देऊन मीटर बोलतो की नाही हे बघणं, म्हणजे बंप टेस्ट, त्यासाठीच असते. वर्षातून एकदा बाहेरून आलेलं कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र तिची जागा घेत नाही.

मीटर जे मोजतच नाही त्याचं काय? टोल्युइन या सॉल्व्हंटची वाफ हवेत 1.1 टक्के झाल्यावर पेट घेऊ शकतं. त्याच्या दहाव्या हिश्शापर्यंत, म्हणजे मीटरवर 10 टक्के एलईएल (पेट घेण्याची किमान पातळी) येईपर्यंत, बऱ्याच परमिटांत प्रवेशाला हिरवा कंदील असतो. तो आकडा 1,100 पीपीएम होतो. आठ तासांच्या कामासाठी कारखाने कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीने टोल्युइनला घातलेली मर्यादा 100 पीपीएम होती. आग लागणार नाही एवढं मीटरने सांगितलं. माणूस भोवळ येऊन पडणार नाही, असं त्याने कधीच म्हटलेलं नव्हतं. सॉल्व्हंटच्या व्हेसलमध्ये, म्हणजे बंद भांड्यात, चार वायूंच्या मीटरवर भिस्त ठेवून विनामास्क माणूस उतरवणं ही शुद्ध अडाणी चूक आहे, आणि ती शिकलेली माणसं करतात.

मीटर कुठे धरला यावरही सगळं अवलंबून. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, तळाशी बसतो. मिथेन हलका, वर चढतो. वर, मध्ये आणि तळाला अशी तीन ठिकाणी चाचणी हवी. पंपाची नळी लावली असेल तर नळीच्या लांबीप्रमाणे थांबायला हवं, नाहीतर तळाला नळी पोहोचते तेव्हा मीटर वरचीच हवा वाचत असतो. ईटीपीच्या टाकीत याहून मोठा सापळा आहे. गाळ निवांत पडलेला असतो तोवर मीटर शून्य दाखवतो. माणूस उतरतो, फावडं मारतो आणि गाळात अडकलेला वायू एकदम बाहेर येतो. या वायूचा सडक्या अंड्यासारखा वास 100 पीपीएमच्या आसपास नाकाला जाणवेनासा होतो, त्यामुळे ‘वास गेला म्हणजे वायू गेला’ हे टाकी साफ करणाऱ्यांमध्ये रूढ झालेलं अनुमान थेट उलटं आहे. इथे आधीची चाचणी पुरतच नाही. मीटर माणसाच्या छातीवर, चालू स्थितीत, कामभर हवा.

हवा खेळवणं हे दुसरं दुर्लक्षित काम. आतली हवा साडेसात वेळा बदलावी असा एक जुना ठोकताळा आहे. 10 घनमीटरच्या रिअॅक्टरला तासाला 500 घनमीटर हवा देणारा ब्लोअर लावला तर 9 मिनिटं पुरतात; 100 घनमीटरच्या टाकीला त्याच ब्लोअरने दीड तास लागतो. मोठी टाकी आणि छोटी टाकी, दोन्हींना ‘अर्धा तास ब्लोअर’ असं छापलेलं परमिट दिसलं की ते गणित न करता छापलंय हे समजावं. ब्लोअरची नळी तळापर्यंत गेली पाहिजे. तोंडाशीच सोडली तर हवा आत शिरून त्याच तोंडाने बाहेर पडते आणि तळ तसाच राहतो. ब्लोअर जिथून हवा खेचतो तिथे डिझेल जनरेटर नसावा. आणि वेल्डिंगच्या सिलिंडरमधला ऑक्सिजन ‘हवा चांगली व्हावी’ म्हणून आत कधीच सोडू नये. ऑक्सिजन मुरलेले कपडे एका ठिणगीवर भडकतात.

हे सगळं करूनही जर पाइपलाइन जोडलेलीच असेल तर केलेलं पाण्यात. बंद व्हॉल्व्ह म्हणजे आयसोलेशन (टाकी बाकी प्लँटपासून तोडणं) नाही, हे वाक्य प्रत्येक सुरक्षा-सप्ताहात म्हटलं जातं आणि पुढच्या सोमवारी विसरलं जातं. फ्लँजमध्ये, म्हणजे पाइपच्या सांध्यात, ब्लँक (आंधळी चकती) मारा, नाहीतर पाइपचा तुकडा काढून उघडं तोंड बंद करा. नायट्रोजनची लवचीक नळी सरळ सोडवून बाजूला ठेवा. ॲजिटेटरचं (आतल्या ढवळणीचं) बटण बंद करणं किंवा कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर ‘स्टॉप’ दिसणं पुरेसं नाही. पॅनेलवरचा आयसोलेटर, म्हणजे वीज तोडणारा खटका, खाली, त्यावर कुलूप, आणि मग जागेवरचं स्टार्ट बटण दाबून मोटर फिरत नाही ना हे बघायचं. ही शेवटची पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते आणि चुकीच्या पॅनेलला लावलेलं कुलूप तिथेच पकडलं जातं. ईटीपीच्या बाबतीत आयसोलेशन म्हणजे वर असलेल्या प्रत्येक प्लँटची ड्रेन लाइन. खाली माणूस उतरलेला असताना वरून कोणीतरी आम्लाचं धुवण सोडलं आणि टाकीत सल्फाइड असेल, तर हायड्रोजन सल्फाइड तयार व्हायला सेकंदही पुष्कळ झाले.

प्रवेश-नियंत्रणाचं खरं साधन मला या कुलपात दिसतं, गेटवरच्या दांड्यात नाही. आयसोलेटरच्या सगळ्या चाव्या एका पेटीत, आणि पेटीवर आत जाणाऱ्या प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप. पाच जण आत तर पाच कुलपं, पाचही चाव्या ज्याच्या त्याच्या खिशात. शेवटचा माणूस बाहेर येऊन स्वतःचं कुलूप काढेपर्यंत रिअॅक्टर सुरू करणं मॅनेजरलाही शक्य नाही. इथे सत्तेचा तोल बदलतो, म्हणूनच ही पद्धत कागदावर सर्वत्र असली तरी पेटीवर बहुधा एकच कुलूप लटकताना दिसतं, मेंटेनन्सच्या फोरमनचं. ‘ठेकेदाराच्या माणसांना कशाला कुलपं, हरवतात’ हे त्याचं ठरलेलं स्पष्टीकरण. जो आत जातो त्याच्याकडे चावी नाही, आणि जो बाहेर आहे त्याच्याकडे सगळ्या.

चंद्रपूर-वणीच्या भूमिगत कोळसा खाणींत एक साधी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. खाली जाणारा प्रत्येक जण लॅम्प रूममधून आपल्या क्रमांकाचा दिवा घेतो. पाळी संपल्यावर ज्या क्रमांकाचा दिवा परत आला नाही तो माणूस खाली आहे. खाणीच्या तोंडावर झडती होते ती बिडी-काडीची. लॅम्प रूमचा माणूस अधिकारी नसतो, पण त्याच्या फळीवरचा रिकामा खिळा अधिकाऱ्याला हलवतो. रासायनिक कारखान्यातल्या महागड्या कार्ड-यंत्रणेला एवढंही सांगता येत नाही. कारखान्याच्या आत 140 माणसं आहेत हे ती सांगेल. त्यातली दोन आत्ता टी-7 टाकीत आहेत, हे फक्त मॅनहोलच्या तोंडाशी बसलेला माणूस सांगू शकतो.

तो माणूस कोण असतो, हेच या सगळ्या प्रश्नाचं मर्म. रिफायनरीत त्याला होल वॉच म्हणतात, इतरत्र स्टँडबाय. काम वरकरणी काहीच नाही: बसायचं, आतल्यांशी बोलत राहायचं, नावं आणि वेळा लिहायच्या. म्हणून तिथे सर्वांत नवखा, सर्वांत स्वस्त हेल्पर बसवतात आणि मध्येच ‘जरा पाना घेऊन ये’ म्हणून उठवतात. खरं तर त्याला तीन गोष्टी ठाम माहीत हव्यात. पहिली, तो कोणत्याही कारणाने जागा सोडणार नाही; सोडायचीच असेल तर आधी आतली सगळी माणसं बाहेर. दुसरी, काम थांबवायचा अधिकार त्याला आहे आणि त्यासाठी कोणाला विचारायचं नाही. तिसरी, आतला माणूस पडला तर तो स्वतः आत जाणार नाही. तिसरी गोष्ट सांगायला सोपी आणि पाळायला भयंकर अवघड आहे, कारण आत पडलेला बहुतेकदा गावचा, नात्यातला, एकाच खोलीत राहणारा असतो. कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नायोश या सरकारी संस्थेने 1986 साली दिलेल्या इशाऱ्यात म्हटलं होतं की बंदिस्त जागेतल्या मृत्यूंपैकी 60 टक्क्यांहून अधिक मृत्यू वाचवायला गेलेल्यांचे असतात. आपल्याकडच्या बातम्यांत ‘एकापाठोपाठ एक तिघे’ हे शब्द किती वेळा येतात, ते वाचकाने स्वतःच आठवावं.

उपदेशाने हे थांबणार नाही. आत न जाता बाहेर काढायची सोय असेल तरच बाहेरचा माणूस बाहेर थांबेल. जुन्या कायद्यातला ‘पट्टा आणि दोर’ इथे अपुरा पडतो. कमरेला दोर बांधून बेशुद्ध माणूस ओढला की तो मध्ये दुमडतो आणि 300 बाय 400 मिलिमीटरच्या मॅनहोलमध्ये अडकतो. पूर्ण अंगाचा हार्नेस, पाठीवरची कडी, वर तिवई आणि तिला हाताने फिरवायची विंच असेल तर एकटा माणूस 70 किलोचं वजन सरळ वर घेऊ शकतो. श्वसनयंत्राचा 6 लिटरचा, 300 बारचा सिलिंडर पाठीवर घेऊन जुन्या काचलेपित रिअॅक्टरच्या मॅनहोलमधून माणूस शिरतच नाही. हे अपघाताच्या दिवशी कळलं तर काय उपयोग? शिवाय त्या सिलिंडरमधली 1,800 लिटर हवा कष्टाच्या कामात मिनिटाला 40 लिटरने 45 मिनिटं पुरते, आणि त्यातली शेवटची काही हवा संपत आल्याची शिट्टी वाजल्यानंतरची. आडव्या टाकीत आणि बॅफल (आतल्या उभ्या पट्ट्या) असलेल्या व्हेसलमध्ये दोर गुंततो. तिथे तिवईचा भरवसा नाही, आधी रंगीत तालीम करूनच ठरवावं लागतं. कॅनिस्टरचा (वायू गाळणाऱ्या डब्याचा) मास्क ऑक्सिजन तयार करत नाही, आणि तोंडाला बांधलेला ओला रुमाल तर काहीच करत नाही, हेही अजून सांगावं लागतं.

परमिटच्या कागदाबद्दल थोडं. 6 जुलै 1988 रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलफलाटावर 167 माणसं मेली. एका पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह, दुरुस्तीला काढलेला होता आणि त्या जागी नुसती झाकणी बसवलेली होती. व्हॉल्व्हचं परमिट एका ठिकाणी आणि पंपाचं दुसऱ्या ठिकाणी. रात्रपाळीने पंपाचा कागद पाहिला, व्हॉल्व्हचा पाहिला नाही, आणि पंप सुरू केला. परमिटची पद्धत तिथे होती. ती पाळीच्या सांध्यात फाटली. म्हणून परमिट एका पाळीपुरतंच असावं, जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा चाचणी हवी आणि पाळी बदलताना दोन्ही इनचार्जनी मॅनहोलपाशी जाऊन सही करावी, ऑफिसात बसून नाही. आपल्याकडची परमिटं बहुधा इंग्रजीत असतात, आत जाणारी माणसं ओडिया, भोजपुरी, बंगाली किंवा मराठी बोलणारी. ज्याच्या जीवाचा तो कागद आहे त्याला तो वाचता येत नसेल, तर त्याची सही अंगठ्याइतकीच खरी.

सही कोणाची, हाही वादाचा मुद्दा आहे. उत्पादनाचा इनचार्ज परमिट देतो, कारण व्हेसलची माहिती त्याला असते. पण उशीर झाला तर बॅचही त्याचीच अडते. परवानगी देणारा आणि घाई असणारा एकच असेल तर मीटरचा आकडा नकळत घाईच्या बाजूने वाचला जातो. वायुचाचणी दुसऱ्या विभागाच्या माणसाने घ्यावी आणि त्याची वार्षिक बढती उत्पादनाच्या साहेबाच्या हातात नसावी, एवढी विभागणी मध्यम कारखान्यालाही जमते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला लहान कारखान्यांचा: आमच्याकडे पंधरा माणसं, हे सगळं कसं परवडणार? नव्या संहितेत वीज वापरणारा कारखाना म्हणजे 20 किंवा अधिक कामगारांचा. वायू मात्र हजेरीपट बघून आत येत नाही. चार वायूंचा मीटर आज चांगल्या मोबाईलच्या किमतीत मिळतो. तिवई, विंच, श्वसनयंत्रं महाग आहेत हे खरं, पण ती रोज लागत नाहीत. आपल्या वसाहतींमध्ये परस्पर मदतीचे ‘मार्ग’ गट आधीच आहेत, एमआयडीसीची अग्निशमन केंद्रं आहेत. संच तिथे ठेवावा, दिवसाच्या भाड्याने द्यावा, सोबत तो चालवणारा एक प्रशिक्षित माणूस द्यावा. लहान कारखानदाराला उपकरणापेक्षा या माणसाची जास्त गरज असते.

दुसरा आक्षेप मला अधिक खरा वाटतो: प्रत्येक गोष्टीला परमिट केलं की परमिटला किंमत राहत नाही. दिवसाला साठ परमिटं फाडणारा इनचार्ज एकही वाचत नाही. शिडी लावायला परमिट, बल्ब बदलायला परमिट, आणि त्याच वहीत, त्याच रंगाचं, व्हेसल एन्ट्रीचं परमिट. याला उपाय म्हणजे वही पातळ करणं. जिथे माणूस दोन श्वासांत मरू शकतो अशा जागांची यादी बहुतेक कारखान्यांत वीस-तीसच्या वर जात नाही. त्यांना क्रमांक द्या, झाकणांना खरी कुलपं लावा, चावी पाळीच्या एकाच माणसाकडे ठेवा. बाकीच्यांसाठी साधी नोंद पुरे. दाराला खुर्ची लावून इंटरलॉक (दार उघडताच यंत्र थांबवणारी सोय) निकामी करणारे, प्रेसच्या गार्डच्या स्विचमध्ये गार्ड बंद असल्याचं भासवणारी जादा जीभ चिकटपट्टीने बसवणारे चाकण-भोसरीतले ऑपरेटर वेडे नसतात. दर दोन मिनिटांनी उघडावं लागणारं दार त्यांना कोणीतरी दिलेलं असतं.

माणूस पुरुष आहे की बाई यावरून प्रवेश ठरवणं ही कायद्याची जुनी खोडही या निमित्ताने सुटायला हवी. कारखाने कायद्याच्या कलम 22 ने चालत्या यंत्राजवळचं तपासणीचं काम खास शिकवलेल्या, घट्ट कपडे घातलेल्या, रजिस्टरमध्ये नाव असलेल्या प्रौढ पुरुषालाच दिलं होतं. यातलं प्रशिक्षण, कपडे आणि रजिस्टर लाखमोलाचं आहे. ‘पुरुष’ या शब्दाने मात्र कोणाचा हात वाचल्याचं मला माहीत नाही.

आणि सर्वांत चांगलं प्रवेश-नियंत्रण म्हणजे आत जायची वेळच न येणं. संपमधला पंप मार्गदर्शक रुळांवर बसवला की साखळीने वर येतो, कोणी उतरत नाही. रिअॅक्टरमध्ये फिरते फवारे बसवले की धुण्याची कामं बाहेरून होतात. पातळी मोजायचं उपकरण टाकीच्या वरून काम करणारं घ्यावं, आत लोंबणारं नको. नव्या प्लँटच्या नकाशावर सही करणाऱ्या अभियंत्याने प्रत्येक मॅनहोलपाशी ‘इथे वर्षातून किती वेळा माणूस जाईल’ एवढा आकडा लिहिला, तरी निम्मी मॅनहोल नकाशातच बदलतील.

जी उरतील तिथे उतरणारा माणूस जवळजवळ नेहमीच ठेकेदाराचा असतो, आणि त्याच्या सुरक्षेचा निर्णय ईएचएस (पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा) विभागाच्या आधी खरेदी विभागात झालेला असतो. टाकी सफाईचा दर ‘प्रति टाकी’ ठरतो. त्यात दीड तास ब्लोअर चालवण्याचा वेळ नाही, बाहेर बसणाऱ्या माणसाची मजुरी नाही, पुन्हा चाचणीसाठी थांबलेल्या तासाचा मोबदला नाही. जो ठेकेदार हे सगळं करतो तो महाग पडतो आणि पुढच्या वर्षी त्याला काम मिळत नाही. निविदेच्या कागदात हवा खेळवण्याचे तास, स्टँडबाय माणसाची पूर्ण पाळी आणि काम थांबवलेल्या वेळेची मजुरी या तीन ओळी वेगळ्या दराने लिहिलेल्या आहेत का, एवढं तपासायला निरीक्षकाला टाकीपर्यंत जावंही लागणार नाही.